चिमटा की टाका? एका तुलनेची तपासणी

‘बिनटाक्याची गर्भपिशवीची शस्त्रक्रिया’ ही अक्षरे महाराष्ट्रातील अनेक रुग्णालयांच्या पाट्यांवर वाचायला मिळतात. त्यातला ‘बिनटाक्याची’ हा शब्द मोठा आश्वासक आहे. पोटावर व्रण नाही, टाके काढण्यासाठी पुन्हा फेरी नाही, असे चित्र तो डोळ्यांपुढे उभे करतो. बाहेरून पाहिले तर हे चित्र बरोबरही आहे. योनीमार्गाने गर्भाशय काढले की पोटावर छेद घ्यावा लागत नाही. पण आत टाके असतातच, आणि परंपरागत पद्धतीत ते बरेच असतात. गेल्या पंचवीस वर्षांत मात्र असे एक उपकरण प्रचारात आले आहे, की ज्यामुळे आतलेही पुष्कळसे टाके टळतात. रक्तवाहिनी दोऱ्याने बांधण्याऐवजी चिमट्यात दाबून धरायची आणि विजेच्या उष्णतेने तिचे तोंड कायमचे मिटवून टाकायचे, ही त्यामागची कल्पना. अर्थात, त्यानंतरही योनीमार्गाचे वरचे टोक दोऱ्यानेच शिवावे लागते. तेव्हा ‘बिनटाक्याची’ हा शब्द तंतोतंत खरा असा कोणत्याच पद्धतीत ठरत नाही.

हा नवा चिमटा जुन्या टाक्यापेक्षा सरस आहे का, या प्रश्नावर बऱ्याच चाचण्या झाल्या आहेत. त्या चाचण्यांची तपासणी करणे हा या लेखाचा हेतू आहे. मी शल्यचिकित्सक नाही. मोजमापे करणे आणि मोजमापांवर शंका घेणे हे माझे रोजचे काम, आणि त्याच नजरेने मी या चाचण्या वाचल्या. माझे मत आधीच सांगून टाकतो. चिमटा काम करतो, यात वाद नाही. चाचण्यांनी जे मोजले ते खोटेही नाही. परंतु त्यांनी मुख्यतः मिनिटे आणि मिलिलिटर मोजले. शस्त्रक्रियेला सामोऱ्या जाणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने जे सर्वांत महत्त्वाचे, ते या आकड्यांच्या बाहेरच राहिले.

बांधायचे काय?

गर्भाशय ओटीपोटात मोकळे तरंगत नसते. दोन्ही बाजूंच्या बंधांनी ते जागेवर धरलेले असते, आणि त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या त्या बंधांतून व त्यांच्या लगत जातात. योनीमार्गाने शस्त्रक्रिया करताना सर्जन खालून वर सरकत जातो. बंधाचा एक भाग चिमट्यात धरायचा, गर्भाशयाच्या बाजूने कापायचा, कापलेल्या बुंध्यातून सुई ओवून गाठ मारायची आणि मग चिमटा सोडायचा. असे दोन्ही बाजूंना पायरीपायरीने करावे लागते. जागा अरुंद आणि खोल, उजेड कमी. गाठ सैल बसली किंवा निसटली तर बुंधा आत ओढला जातो आणि रक्त वाहू लागते. म्हणून या शस्त्रक्रियेत गाठ मारण्याच्या कौशल्याला फार मोल आहे.

हा मार्ग नवा नाही. जर्मनीतील गॉटिंगेन येथे कॉनराड लांगेनबेक यांनी १८१३ साली योनीमार्गाने गर्भाशय काढले होते. मुंबईचे डॉ. शिरीष शेठ यांचे नाव या मार्गाच्या संदर्भात जगभर घेतले जाते. जॉन स्टड यांच्यासह त्यांनी संपादित केलेला या विषयावरचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. दोऱ्याने रक्तवाहिनी बांधण्याची कल्पना तर त्याहून जुनी. सोळाव्या शतकात आंब्रवाज पारे या फ्रेंच सर्जनने हात-पाय कापताना तापलेल्या लोखंडाने डागण्याऐवजी वाहिन्या दोऱ्याने बांधण्याचा आग्रह धरला. म्हणजे पूर्वी उष्णतेची जागा दोऱ्याने घेतली, आणि आता दोऱ्याची जागा उष्णता परत मागते आहे. फरक इतकाच, की ही उष्णता मोजून-मापून दिलेली आहे.

उष्णतेने मिटणारी रक्तवाहिनी

१९२६ साली बॉस्टनमध्ये हार्वी कुशिंग या मेंदूच्या सर्जनने विल्यम बोवी यांनी तयार केलेले विजेचे उपकरण शस्त्रक्रियेत वापरले. बोवी हे वैद्य नव्हते, वैज्ञानिक होते. आपल्या घरातील विजेचा प्रवाह सेकंदाला ५० वेळा आवर्तने करतो व त्याने स्नायूंना झटका बसतो. शस्त्रक्रियेतील उपकरणांत ही आवर्तने सेकंदाला काही लाख असतात. इतक्या वेगाला मज्जातंतू व स्नायू प्रतिसाद देत नाहीत. ऊती फक्त तापतात.

नव्या चिमट्यात यापुढच्या दोन गोष्टी आहेत. पहिली दाबाची. चिमट्याचे दोन जबडे वाहिनी घट्ट दाबून धरतात. आतील रक्त बाजूला सरते आणि वाहिनीच्या समोरासमोरच्या भिंती एकमेकींना चिकटतात. प्रवाह फक्त दोन जबड्यांच्या मधून जातो, शरीरभर फिरत नाही. वाहिनीच्या भिंतीत कोलॅजन नावाचे प्रथिन भरपूर असते. साठ-सत्तर अंश सेल्सियसच्या पुढे त्याच्या पिळदार रेणूंचा पीळ सुटतो. मटणाच्या पायाचे सूप गार झाले की थिजते, ते याच प्रथिनामुळे. दाबलेल्या भिंतींतील मोकळे झालेले धागे एकमेकांत गुंततात, आणि थंड झाल्यावर तेथे एक सलग पट्टी तयार होते. ही रक्ताची गुठळी नव्हे. भिंतीच एकमेकींत मिसळलेल्या असतात.

दुसरी गोष्ट मोजमापाची. ऊतींतले पाणी आटत जाते तसा त्यांचा विद्युत-रोध वाढत जातो. उपकरण हा रोध सतत मोजते, त्यानुसार प्रवाह कमी-जास्त करते आणि ठरावीक टप्पा आला की प्रवाह तोडून आवाजाने खूण देते. नववी-दहावीला आपण ओहमचा नियम शिकवतो. तोच नियम येथे पहारेकऱ्याचे काम करतो, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.

१९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा रीतीने मिटवलेल्या, सात मिलिमीटर व्यासापर्यंतच्या वाहिन्या नेहमीच्या वरच्या रक्तदाबाच्या तिपटीहून अधिक दाब सहन करतात, असे दिसले. ‘लिगाशुअर’, ‘बायक्लॅम्प’ ही या प्रकारच्या उपकरणांची बाजारातील नावे. भौतिकशास्त्र म्हणून हे सारे सुंदर आहे. पण वाहिनी मिटते, एवढ्यावरून ती मिटवल्याने रुग्णाचे अधिक भले होते, असे सिद्ध होत नाही. त्यासाठी तुलना हवी.

साठ स्त्रियांची चाचणी

२००३ साली अमेरिकेतील बार्बरा लेव्ही आणि लॉरा एमरी यांनी अशी एक तुलना प्रसिद्ध केली. ६० स्त्रियांची दोन गटांत यादृच्छिक विभागणी केली. म्हणजे कोणाला कोणती पद्धत मिळेल हे जणू नाणेफेकीने ठरवले. ही विभागणी फार महत्त्वाची. ती नसेल तर सोप्या रुग्णांना नवी पद्धत आणि अवघड रुग्णांना जुनी, असे नकळत होऊ शकते. निष्कर्ष असे: टाक्यांच्या गटात शस्त्रक्रियेला सरासरी ५३.६ मिनिटे लागली, चिमट्याच्या गटात ३९.१. रक्तस्राव टाक्यांच्या गटात सरासरी १२६.७ मिलिलिटर, चिमट्याच्या गटात ६८.९. गुंतागुंत आणि रुग्णालयातील मुक्काम यांत फरक नाही.

आता हेच आकडे दोन तऱ्हांनी सांगता येतात. ‘रक्तस्राव ४६ टक्क्यांनी कमी’ असे म्हटले, तर ऐकणारा चिमट्याच्या बाजूने लगेच झुकतो. ‘रक्तस्राव ५८ मिलिलिटरने कमी’ असे म्हटले, तर तो थबकतो. दोन्ही विधाने खरी आहेत. आपल्याकडे रक्तदात्याकडून एका वेळी साधारणपणे ३५० मिलिलिटर रक्त घेतले जाते आणि तो चहा-बिस्किट घेऊन घरी जातो. त्या मानाने ५८ मिलिलिटर म्हणजे त्याचा सहावा हिस्सा. धडधाकट स्त्रीला तो जाणवणार नाही. जिचे हिमोग्लोबिन आधीच सहा-सातवर आले आहे तिची गोष्ट निराळी. तेव्हा टक्केवारी आली की ‘कशाचे टक्के?’ हे विचारायची सवय आपण मुलांना लावतो, तीच येथे उपयोगी पडते.

दुसरी बाब सरासरीची. या चाचणीत टाक्यांच्या गटातील रक्तस्राव २५ ते ६०० मिलिलिटर इतका पसरलेला होता. चिमट्याच्या गटात २० ते २००. गटात तीसच जणी असतील तर ६०० मिलिलिटरची ती एक स्त्री एकटीच सरासरीत २० मिलिलिटरची भर घालते. तिला बाजूला ठेवले तर उरलेल्या एकोणतीस जणींची सरासरी सुमारे ११० येते, आणि दोन गटांतील फरक ५८ वरून ४२ च्या आसपास उतरतो. एका व्यक्तीने निष्कर्ष इतका हलतो, हे लहान गटांचे दुखणे आहे.

मग तिला वगळावे का? मुळीच नाही. उलट, तीच या चाचणीतील सर्वांत महत्त्वाची स्त्री असू शकते. तिची गाठ निसटली होती काय? तिच्या गर्भाशयात मोठ्या गाठी होत्या काय? चिमटा वापरला असता तर तिचे रक्त वाचले असते काय? दोऱ्यापेक्षा चिमटा सरस असेल तर तो अशाच प्रसंगी असायला हवा. परंतु सरासरी सांगण्याच्या पद्धतीत तिची हकिकत विरघळून जाते. सामान्य शस्त्रक्रियेत वाचलेले थोडे थोडे रक्त आणि एका बिकट प्रसंगी वाचलेले पुष्कळ रक्त, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. आणि सरासरी त्यांच्यात भेद करीत नाही.

तिसरी बाब मोजणाऱ्याची. औषधांच्या चाचणीत खरी गोळी कोणती आणि खोटी कोणती हे डॉक्टरपासूनही लपवता येते. येथे सर्जनच्या हातात सुई आहे की चिमटा, हे त्याच्यापासून लपवणार कसे? त्यातच रक्तस्राव हा बहुधा अंदाजाने ठरवला जातो. बोळ्यांत मुरलेले, कापडावर सांडलेले, पाण्यात मिसळलेले रक्त नेमके मोजणे कठीण असते. नव्या उपकरणाबद्दल मनात आस्था असेल तर अंदाज कोणत्या बाजूला झुकेल, हे सांगायला नको. यात कोणाच्या प्रामाणिकपणावर संशय नाही. तराजू धरणाऱ्याला पारडे दिसत असेल तर काटा किंचित हलतोच, आणि म्हणूनच विज्ञानाने डोळे बांधून तोलायची रीत शोधली.

सरासरीची सरासरी

लहान चाचण्यांचे दुखणे कमी करायचा एक उपाय म्हणजे त्या एकत्र करणे. क्रॉफ्ट आणि सेल्क यांनी २०११ साली अशा सात यादृच्छिक चाचण्या एकत्र केल्या. त्यांत मिळून ६६२ स्त्रिया होत्या. एकत्रित निष्कर्ष असा, की चिमट्याने शस्त्रक्रियेची सुमारे १७ मिनिटे, सुमारे ४८ मिलिलिटर रक्त आणि रुग्णालयातील पाव दिवस वाचतो. गुंतागुंतीत फरक आढळला नाही.

‘पाव दिवस’ म्हणजे काय, यावर क्षणभर थांबू. कोणतीही स्त्री सहा तास आधी घरी जात नाही. रुग्णालयातून सोडतात ते बहुधा सकाळच्या फेरीनंतर. पाव दिवसाची सरासरी म्हणजे कदाचित चारांतील एक स्त्री एक दिवस आधी घरी गेली आणि तिघींना काहीच फरक पडला नाही. शिवाय घरी कधी सोडायचे हे प्रकृतीइतकेच त्या रुग्णालयाच्या रिवाजावरही अवलंबून असते.

१७ मिनिटांच्या आकड्याला विश्वासांतर आहे ते साडेसात ते २७ मिनिटांचे. खरा सरासरी फरक या पट्ट्यात कोठेतरी असावा, असा त्याचा स्थूल अर्थ. पट्टा चांगलाच रुंद आहे. वेगवेगळ्या ठिकाणच्या चाचण्यांतून वेगवेगळी उत्तरे आली, हे त्याचे एक कारण.

त्यानंतरची, नेदरलँड्समधील लेकमन आणि सहकाऱ्यांची चाचणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. तीत १०० स्त्रिया होत्या. चिमट्याच्या गटात शस्त्रक्रियेला ६० मिनिटे लागली, टाक्यांच्या गटात ७१. रक्तस्रावात फरक नाही, मुक्कामातही नाही. शस्त्रक्रियेच्या दिवशीच्या सायंकाळची वेदना, शून्य ते दहा या मापावर, चिमट्याच्या गटात ४.५ आणि टाक्यांच्या गटात ५.७ होती. पुढे मात्र दोन्ही गटांच्या वेदना सारख्याच राहिल्या. दोऱ्याने आवळलेल्या बुंध्यातील ऊतींचा रक्तपुरवठा तुटतो आणि दोरा ही शरीराला परकी वस्तू असते. यामुळे वेदना अधिक होत असावी, असा तर्क केला जातो. एका सायंकाळची कमी वेदना ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. ज्याला दुखते त्याला ते कळते. या साऱ्या चाचण्यांत स्त्रीला स्वतःला विचारून घेतलेले माप वेदनेचेच, म्हणून मी त्याला मिनिटांपेक्षा अधिक किंमत देतो. पण तो फरक एका सायंकाळचा आहे, हेही लक्षात ठेवायला हवे.

आता २००३ आणि २०१२ या दोन चाचण्यांचे वेळेचे आकडे शेजारी ठेवून पाहा. पहिलीत टाके घालून ५३.६ मिनिटे. दुसरीत चिमटा वापरून ६०. म्हणजे एका ठिकाणचा जुना दोरा दुसऱ्या ठिकाणच्या नव्या चिमट्यापेक्षा जलद! अशी आडवी तुलना काटेकोर नसते, हे मान्य. रुग्ण वेगळे, वेळ मोजण्याची रीत वेगळी, सोबत केलेल्या दुरुस्त्याही वेगळ्या असू शकतात. तरीही एक गोष्ट उघड होते: दोन ठिकाणांमधील अंतर हे दोन साधनांमधील अंतराहून लहान नाही. टाक्यांच्या गटांतच ५३.६ आणि ७१ असा सतरा मिनिटांचा फरक आहे, म्हणजे एकत्रित अभ्यासात चिमट्याच्या खात्यावर जमा झालेल्या फरकाइतकाच. साधनाची जाहिरात होते. हाताची, सरावाची आणि व्यवस्थेची होत नाही. माझ्या मते या साऱ्या आकड्यांतील सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट ही आहे, आणि ती कोणत्याही एका चाचणीच्या निष्कर्षात लिहिलेली नाही.

‘फरक नाही’ म्हणजे काय?

सर्वांत जपून वाचायचे वाक्य म्हणजे ‘गुंतागुंतीत फरक आढळला नाही’. वाचणारा त्याचा अर्थ ‘दोन्ही पद्धती सारख्याच सुरक्षित’ असा घेतो. तो चुकीचा आहे.

या शस्त्रक्रियेत मूत्रवाहिनीला जपावे लागते. मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे जाणारी ही नळी गर्भाशयाच्या मुख्य रोहिणीच्या खालून, गर्भाशयमुखापासून अवघ्या दीड-दोन सेंटिमीटर अंतरावरून जाते. दोऱ्याचा धोका असा, की टाक्यात ती सापडू शकते. चिमट्याचा धोका असा, की उष्णता जबड्यांच्या बाहेरही काही मिलिमीटर पसरते. दोन्ही धोके विरळा आहेत. पण ते एकाच जातीचे नाहीत: टाक्यात अडकलेली नळी कधी कधी तिथल्या तिथे लक्षात येते, भाजलेली जागा काही दिवसांनी त्रास देऊ शकते.

विरळा गोष्ट पकडायला मोठे जाळे लागते. येथे ‘तिनाचा नियम’ उपयोगी पडतो. एखादी आपत्ती न जणांत एकदाही घडली नाही, तर तिचे खरे प्रमाण जास्तीत जास्त ३ भागिले न इतके असू शकते, असे ढोबळमानाने म्हणता येते. तीस जणींत एकही इजा झाली नाही, तर खरे प्रमाण दहा टक्क्यांपर्यंतही असू शकेल! पडताळून पाहा. प्रमाण दहा टक्के असेल तर प्रत्येकीची सुखरूप सुटण्याची शक्यता ०.९, तिसाही जणी सुखरूप सुटण्याची शक्यता ०.९ चा तिसावा घात, म्हणजे सुमारे ०.०४. ही शक्यता कमी आहे, पण शून्य नाही. सातही चाचण्या मिळून एका गटात सव्वातीनशे-साडेतीनशे स्त्रिया होतात. त्यांच्याकडूनही एका टक्क्याच्या आसपासची मर्यादाच कळते. आता समजा, एखादी गंभीर इजा हजारात दोघींना होत असेल. साडेतीनशे जणींत ती एकदाही न दिसण्याची शक्यता जवळजवळ निम्मी. एका पद्धतीत ती हजारात दोन आणि दुसरीत हजारात चार असली, तरी या चाचण्यांना त्याचा पत्ता लागणार नाही. चाळणीची भोके मोठी असतील तर रवा आणि मैदा सारखेच दिसतात. तेव्हा ‘फरक आढळला नाही’ याचा प्रामाणिक अर्थ ‘हा फरक शोधण्याइतकी आमची चाचणी मोठी नव्हती’ असा आहे.

श्रेय आणि किंमत

एवढे दोष दाखवल्यावर चिमट्याला त्याचे श्रेयही दिले पाहिजे. खोल, अरुंद जागेत सुई फिरवणे कठीण असते, विशेषतः गर्भाशय खाली उतरलेले नसेल तर. अशा वेळी एका हाताने धरून मिटवता येणारी वाहिनी ही मोठी सोय आहे. सुईच नसल्याने सुई टोचण्याचा धोका तेवढा कमी होतो. १७ मिनिटे एका स्त्रीला फारशी जाणवणार नाहीत, पण दिवसाला चार शस्त्रक्रिया करणाऱ्या विभागाचा त्यातून तासाहून अधिक वेळ वाचतो. एखाद्या सर्जनला या साधनामुळे पोट उघडण्याऐवजी योनीमार्गाने जाण्याचा आत्मविश्वास आला, तर त्या एका गोष्टीचा लाभ मिनिटे आणि मिलिलिटर यांहून कितीतरी मोठा ठरेल. ही शक्यता मला खरोखर महत्त्वाची वाटते. आणि नेमकी तीच या चाचण्यांत मोजलेली नाही, कारण त्यांतील सर्व स्त्रियांची शस्त्रक्रिया योनीमार्गानेच करायचे आधीच ठरलेले होते.

किंमतीचा प्रश्न टाळून चालणार नाही. दोऱ्याचा खर्च शेकड्यांत, तर चिमट्याचा हजारांत. काही उपकरणांचा हातात धरायचा भाग एकदा वापरून टाकून देण्यासाठी बनवलेला असतो. आपल्याकडे असे भाग निर्जंतुक करून पुन्हा वापरण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. खर्चाच्या दृष्टीने ती समजण्याजोगी आहे. पण दहाव्या वापरातही जबड्यांचा दाब तेवढाच राहतो का, रोधाचे मोजमाप तेवढेच अचूक राहते का, याचे उत्तर या चाचण्यांत शोधून सापडणार नाही. एखादा निष्कर्ष ज्या परिस्थितीत मिळाला त्याच परिस्थितीपुरता तो खरा असतो, हे प्रयोगशाळेतील पहिले सूत्र शस्त्रक्रियागृहातही लागू आहे.

पैसा कोणाचा, हेही विचारावे. औषधे व उपकरणे बनवणाऱ्या कंपन्यांच्या पैशावर झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष कंपनीला अनुकूल येण्याचे प्रमाण अधिक असते, असे कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यांत (२०१२ आणि २०१७) दिसले आहे. म्हणून असे अभ्यास फेकून द्यायचे नसतात. ते अधिक बारकाईने वाचायचे असतात.

न विचारलेले प्रश्न

माझा मुख्य आक्षेप यापुढचा आहे. चिमटा की टाका, हा शेवटचा आणि सर्वांत लहान प्रश्न आहे. त्याच्या आधी दोन मोठे प्रश्न येतात.

पहिला मार्गाचा. कॉक्रेनच्या २०१५ च्या आढाव्यात ४७ चाचण्या आणि ५१०२ स्त्रिया यांचा विचार करून असे म्हटले आहे, की शक्य असेल तेथे पोट उघडण्याऐवजी योनीमार्गाने गर्भाशय काढावे. योनीमार्गाने शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रिया सुमारे दहा दिवस आधी आपल्या रोजच्या कामाला लागतात. एकीकडे रुग्णालयातील पाव दिवस, दुसरीकडे घरच्या व शेतातल्या कामाचे दहा दिवस. ही मापे एकाच प्रकारची नाहीत, हे खरे; पण कोणती निवड स्त्रीच्या आयुष्यात अधिक फरक घडवते, हे सांगायला संख्याशास्त्री लागत नाही.

दुसरा प्रश्न गरजेचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) १५ ते ४९ वयोगटातील ३.३ टक्के भारतीय स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या बातम्या आल्यावर २०१९ साली राज्य शासनाने नेमलेल्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. शंभरात जवळजवळ सतरा! दोन्ही पाहण्यांतील वयोगट व पद्धती वेगळ्या असतील, पण एवढी तफावत त्यामुळे पडणार नाही. यांपैकी किती जणींना आधी औषधे सुचवली गेली, किती जणींना दुसरे मत घ्या असे सांगितले गेले? अनावश्यक शस्त्रक्रिया सतरा मिनिटे लवकर संपली, म्हणून ती आवश्यक होत नाही. आणि ‘बिनटाक्याची’ हा सोपा, सुटसुटीत शब्द नेमका या प्रश्नाला बगल देतो. शस्त्रक्रिया जितकी किरकोळ वाटेल, तितके ‘ती हवीच का?’ असे विचारणे अवघड होते.

चाचणी करणाऱ्यांवर हा सारा भार टाकणे अन्यायाचे होईल. त्यांनी एक नेमका प्रश्न घेतला आणि त्याचे उत्तर शोधले. विज्ञान असेच पुढे जाते. चूक होते ती पुढे, लहान प्रश्नाचे उत्तर मोठ्या प्रश्नाचे म्हणून खपवले जाते तेव्हा. ‘चिमट्याने वेळ थोडा वाचतो, पहिल्या सायंकाळी दुखणे थोडे कमी असते, रक्त कदाचित थोडे वाचते, आणि विरळा धोक्यांबद्दल या चाचण्यांवरून बोलता येत नाही’ हे झाले खरे उत्तर. पाटीवर ते मावणार नाही, पण वर्गात मावेल.

गावात शिक्षकाकडे, आणि त्याहूनही शिक्षिकेकडे, लोक सल्ला विचारायला येतात. वैद्यकीय सल्ला देणे आपले काम नव्हे. पण डॉक्टरांना काय विचारायचे, हे सांगणे आपल्याला जमण्यासारखे आहे. शस्त्रक्रिया का करायची आणि न केल्यास काय होईल. औषधाने भागेल का. पोटातून की योनीमार्गाने, आणि का. ही शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या हाताखालून अशा किती गेल्या आहेत. एवढे विचारून झाल्यावर मग दोरा की चिमटा, हे खुशाल विचारावे. आणि दहावीच्या वर्गात सरासरी शिकवताना तीस आकड्यांचे एक उदाहरण द्यावे, त्यातला एक आकडा ६०० ठेवावा, आणि मुलांना विचारावे: ही सरासरी कोणाची?